आत्यानं उलगडलेली मरणं

माझ्या आईच्या पोटी चार लेकरं आली. त्यांतली जगली ती मी एकटी. मोठा भाऊ वर्षाचा व्हायच्या आत त्याच्या हातापायांचे पंजे सुजले, मग अंग पिवळं पडलं. त्याला कावीळ झाली असं ठरलं. त्याच्या पाठची बहीण खेळता खेळता पांढरीफटक पडली, पोट टम्म फुगलं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. तिच्या पोटात गोळा उठला म्हणाले. माझ्यानंतरचा भाऊ डब्ब्यानं गेला. लहान लेकराची छाती भरून पोट उडायला लागलं की आमच्याकडे त्याला डब्बा म्हणतात. तीन लेकरं आणि तीन नावांचे आजार. त्यामुळे या मरणांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं कुणाच्या मनातच आलं नाही. लोकांनी संबंध लावला तो फक्त आईशी.

माझी आई सुंदराबाई. वडील देवराव मूर्तिजापूरच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. त्यांची थोरली बहीण भागीरथा, म्हणजे माझी आत्या, आमच्या शेजारच्याच खोलीत राहायची. तिचा नवरा शेतात साप चावून गेला होता आणि श्रावण नावाचा एक मुलगा तिच्या पदरी होता. निंदणाला, वेचणीला जाऊन तिनं त्याला वाढवलं. उंच, काळीसावळी, आणि आवाज असा की तिनं गल्लीत कुणाला हाक मारली तर चौकातला टांगेवाला वळून पाहायचा. शाळेत ती कधी गेली नव्हती. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर तिनं घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते आणि मागं वळून पाहिलं नव्हतं.

पण धाकटा भाऊ गेला तेव्हा हीच आत्या आईला म्हणाली होती, "सुंदरा, तू आल्यापासून या घरात पाळणा टिकून नाही राहिला."

  पुढे भावकीतल्या बैठकीत महादेवराव काका वडिलांना उघड सांगू लागले, "देवराव, दुसरीचा इचार कर. हिच्या मायच्या घरचंच काहीतरी हाये." कुणी म्हणे, देव सोडले त्याचा हा कोप. त्यावर मात्र आत्या उसळायची. "पहिले दोन लेकरं दीक्षेच्या आंदीच गेले ना? तवा तर देव घरातच बसून होते. त्यायनं काहून नाही राखले?" ते बोलणं तिथंच थांबायचं. आईवरचं बोलणं मात्र चालूच राहायचं.

एकसष्ट सालच्या थंडीत मी आजारी पडले. मी सात वर्षांची होते. आधी गुडघे दुखले, मग मांड्या, मग पाठ. कुणीतरी आतून हाड पिळतंय असं वाटायचं. वात आहे म्हणून तेल चोळलं, शेक दिला. माझे डोळे पिवळे झाले तेव्हा आई दाराच्या चौकटीला धरून नुसती उभी राहिली. वडील पाळीवर गेले होते. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मला खांद्यावर टाकलं. "चाल सुंदरा, अमरावतीले. हे पोट्टं मी हातचं जाऊ देत नाही."

बडनेऱ्यापर्यंत एक गाडी, तिथून अमरावतीची दुसरी. सारा प्रवास मी आत्याच्या मांडीवर होते, एवढंच मला आठवतं. पुढचं बरंचसं मला आई आणि आत्या दोघींनी वेगवेगळ्या वेळी सांगितलेलं आहे.

दवाखान्यात डॉक्टर मोहरील म्हणून एक तरुण डॉक्टर होते, नागपूरला शिकून आलेले. त्यांनी माझे डोळे पाहिले, पोट चाचपलं आणि बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काचेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आई आणि आत्याला बोलावलं आणि आत्याला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं.

"काय दिसतं, बाई?"

आत्या बराच वेळ पाहत राहिली. "विळे दिसून राहिले, साहेब. बारीक बारीक विळे."

"बरोबर. रक्तातले कण गोल असायला हवेत. हिचे असे वाकतात आणि अंगात कुठंतरी अडकतात. जिथं अडकतात तिथं दुखतं. नागपूरला आम्ही असे काही रोगी पाहिले आहेत. पण इकडे हिवतापही फार. त्यानंही पोरं पांढरी पडतात, पोट वाढतं. म्हणून मला विचारायचंय, घरात याआधी लहानपणी कुणी गेलंय का?"

"गेले ना. एक काविळीनं, एक गोळ्यानं, एक डब्ब्यानं."

"आजारांची नावं राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "नावं लोक मागाहून ठेवतात. झालं काय, ते सांगा. आधी काय सुजलं? काय दुखलं? रंग कसा होता?"

हे आत्याला सांगता येईना. तेव्हा कोपऱ्यात बसलेली आई बोलू लागली. मोठ्याच्या हाताची बोटं कशी फुगली होती, डाव्या हाताची जास्त. मुलीनं त्या सकाळी भाकरीचा तुकडा तोंडात घेतला आणि चावलाच नाही. धाकट्याचे डोळे तापाच्या आधीपासूनच पिवळसर होते, ते तिनं सासूला दाखवलं होतं, सासू म्हणाली होती काजळामुळं तसं वाटतं. आई सांगत राहिली आणि डॉक्टर मान खाली घालून ऐकत राहिले. तीन लेकरं गेल्यावर, ती कशी गेली असं तिला विचारणारा तो पहिला माणूस. आत्या पुढे नेहमी म्हणायची, "सुंदराले इतकं बोलता येते, हे मले त्या दिशी कयलं."

आई बोलून थांबल्यावर डॉक्टर म्हणाले, "मला वाटतं, तिघंही याच दुखण्यानं गेली. नावं तीन, रोग एक. हा रोग आई आणि बाप दोघांकडून येतो. ज्याच्याकडे एकाच बाजूचं असतं त्याला सहसा काही होत नाही. दोन्हीकडचं एका लेकरात आलं की असं होतं. मला आईबापांचं रक्त पाहायला हवं. आणि जमलं तर दोन्ही घरांत पूर्वी कोण कोण कसं गेलं, तेही विचारून या."

आईनं तिथंच रक्त दिलं. तिच्याही रक्तातले काही कण वाकले. वडिलांनी मात्र साफ नकार दिला. "माह्या रक्ताले काय झालं? मी पोतं उचलतो ना रोज?" आणि महादेवराव काका म्हणाले, "पाह्यलं? आम्ही काय सांगत होतो? हिच्याकडूनच आलं."

मला थोडं बरं वाटल्यावर आत्या निघाली ती आईच्या माहेरी. पुढे तिनं माझ्याजवळ मोकळेपणानं सांगितलं, "खोट तिकडंच निघन, असंच मले वाटलं होतं, पोरी. डाक्तर दोन्ही घरं म्हणे, पण माह्या डोक्यात एकच घर होतं."

आईचं माहेर कौंडण्यपूरच्या बाजूला, वर्धा नदीकाठी. यात्रेचे दिवस होते म्हणून कुऱ्हा गावाच्या पुढे बैलगाड्या मिळाल्या. तिथं आईची आत्या, मनकर्णाबाई, तेवढंच जुनं माणूस उरलं होतं. भागीरथा आत्यानं "जयभीम" घातला, पाणी प्याली आणि आल्या आल्या विचारलं, "तुमच्या घरी पोरं कशानं मेले?"

मनकर्णाबाईनं तोंड फिरवलं. ती उठून आपल्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी आत्या काही न विचारता तिच्यासोबत शेंगा फोडायला बसली. शेंगा फोडता फोडता तिनं माझ्या भावंडांबद्दल सांगायला सुरुवात केली. सुजलेली बोटं, न चावलेला भाकरीचा तुकडा. थोड्या वेळानं मनकर्णाबाईचे हात थांबले.

"आमच्या शेवंतीचे बी बोटं असेच सुजले होते," ती म्हणाली.

शेवंती म्हणजे आईची थोरली बहीण. ती बाळंतरोगानं गेली, एवढंच आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आता कळलं की ती लहानपणापासून थंडीत गुडघे धरून बसायची, डोळे पिवळे असायचे आणि दिवस गेल्यावर चालता येईना इतकं तिला दुखायचं. बाळंतपण हे शेवटचं निमित्त. मग मनकर्णाबाई एकेकाची आठवण काढत गेली. तिचा एक भाऊ मानमोडीत गेला, म्हणजे एकोणीसशे अठराच्या त्या तापाच्या साथीत. आत्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, आधी काही दुखत होतं का? नाही, चांगला नांगर धरायचा, तीन दिवसांत गेला. आत्यानं तो बाजूला ठेवला. तिचे एक काका पटकीनं गेले, त्या आठवड्यात अर्धं गाव गेलं. तेही बाजूला. एका पोरावर कासाबाई नावाच्या शेजारणीनं करणी केली असं घरात सांगत आले होते, त्या शेजारणीशी दोन पिढ्या बोलणं नव्हतं. त्या पोराचं तोंड अचानक वाकडं झालं होतं आणि एका बाजूचा हात लुळा पडला होता, आणि त्याआधी वर्षानुवर्षं त्याचे पाय दुखत होते. आत्यानं तो मोजणीत धरला. डॉक्टरांनी असंही होतं म्हणून सांगितलं होतं.

"म्हणजे कासाबाईनं काही केलं नव्हतं?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"काही नाही केलं, माय."

म्हातारी रडली. मग डोळे पुसून तिनं सहज विचारलं, "आन तुमच्या घरी? तुमच्यात कोणी नाही काय असं गेलं?"

"नाही," आत्या म्हणाली.

म्हणता म्हणताच तिला किसन आठवला. किसन तिचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा होऊन गेलेला. घरात त्याची गोष्ट अशी सांगत, की नदीकाठच्या चिंचेखाली त्याला बाहेरचं काही लागलं. आत्या तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. तीच त्याच्या गुडघ्यांना तेल चोळायची. तो ओरडायचा, "बाई, हळू," आणि तिला वाटायचं, हा सोंग करतो. त्याचे पिवळे डोळे तिनं रोज पाहिले होते. चिंचेखाली तो कधी गेला होता का, हेसुद्धा तिला आठवेना.

तिथून ती मूर्तिजापूरला आली ती घरी न येताच अरुंद रुळांच्या लहान गाडीनं दर्यापूरकडे, स्वतःच्या माहेरच्या भावकीत गेली. तिथं तिनं आधी किसनचं सांगितलं आणि मग ऐकत बसली. माझ्या वडिलांच्या एका चुलतभावाचं आणि एका चुलत आत्याचं मरण तिला तिथं सापडलं, दोन्ही अगदी तशीच. एकाला वात म्हणत होते, दुसरीला पांडुरोग. दोन दिवसांनी ती परतली तेव्हा तिचा आवाज बसला होता.

त्या रविवारी तिनं महादेवराव काकांना आणि भावकीतल्या चार माणसांना आमच्या अंगणात बोलावलं. एका सुपात मूठभर तूर आणि चिमूटभर उडीद घेऊन ती खाली बसली. प्रत्येक माणसाचा एक दाणा. या दुखण्यानं गेलेल्याचा उडीद, बाकी साऱ्यांची तूर. डाव्या हाताला आईचं माहेर, उजव्या हाताला आमचं घर. प्रत्येक दाणा ठेवताना ती त्या माणसाचं नाव घ्यायची आणि काय झालं होतं ते सांगायची. किसनचा उडीद तिनं ठेवला तेव्हा माझे वडील खाली पाहत होते. भावाच्या वेळी ते पाच वर्षांचे होते, त्यांना तो ओरडायचा तेवढं आठवत होतं.

दाणे मांडून झाले. दोन्हीकडे काळे दाणे होते.

"पाहा, दादा," आत्या काकांना म्हणाली. "तुमी म्हणत होते, तिच्या मायच्या घरचं हाये. हाये ना. पण आपल्या घरचं बी तितकंच हाये. आपण त्याले चिंचेखालचं भूत म्हणून राहिलो, म्हणून ते आपल्याले दिसलं नाही."

 मग आत्या आईकडे वळली. सगळ्यांदेखत, त्याच मोठ्या आवाजात. "सुंदरा, पाळण्याचं मी बोलली होती. ते खोटं होतं. माह्या भावाचे पाय मी माह्या हातानं चोळले, तरी तुले बोलली. ते शब्द मी वापस घेतो."

आईनं काय करावं? ती उठली, सूप उचललं, दाणे गोळा केले आणि म्हणाली, "बाई, जेवून घ्या. तुमच्या पोटात सकाळपासून काही नाही."

दुसऱ्या सोमवारी वडील अमरावतीला गेले आणि त्यांनी बोट पुढं केलं. त्यांच्या रक्तातही विळे निघाले. परत आल्यावर ते आईजवळ चुलीपाशी बसून राहिले, भाकरी होईपर्यंत. दुसऱ्या बायकोची गोष्ट आमच्या घरात पुन्हा निघाली नाही.

या रोगावर तेव्हा मुळातून बरं करणारं औषध नव्हतं. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. पण काय करायचं तेही सांगितलं होतं. भरपूर पाणी पाजा. थंडीत अंग उघडं ठेवू नका. साधा ताप आला तरी घरी वाट पाहू नका, सुई टोचायला आणा. रक्तासाठीची पिवळी गोळी रोज द्या. आत्यानं हे सगळं मनात बसवून घेतलं. शाळेत जाताना माझ्या दप्तरासोबत पाण्याची बाटली असायची, तेव्हा आमच्या शाळेत कुणाकडेच नसायची. गुरुजींनी वर्गात पाणी प्यायला हरकत घेतली तर आत्या शाळेत जाऊन उभी राहिली. तिचा आवाज ऐकून गुरुजींनी हसत परवानगी दिली. दोनदा मला रक्त द्यावं लागलं. एकदा श्रावणदादानं दिलं असतं, पण डॉक्टर त्याला म्हणाले, "तुझं नको, आधी तुझं तपासू." तपासलं तर त्याच्याही रक्तात तेच होतं, एका बाजूचं. आत्याचंही तसंच निघालं.

यातून पुढचा प्रश्न उभा राहिला. आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत. मी जन्मले तेव्हाच श्रावणदादा आणि माझं ठरलेलं होतं, सगळी भावकी तसं धरून होती. मी चौदा वर्षांची झाले तेव्हा आत्या एका दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. दुसऱ्या कुणाला सांगायच्या आधी तिनं मला सांगितलं.

"पोरी, मी तुले सून करून घेत नाही. लोक म्हणतीन, पोरगी बिमार म्हणून भागीरथा मागं सरली. तसं नाही. त्याच्या रक्तात हाये, तुह्या रक्तात दोन्हीकडचं हाये. तुमचे लेकरं मले पुन्हा अमरावतीले न्यावे लागतीन. आन साऱ्यायले नाही वाचवता येणार."

खोटं कशाला बोलू, मला लागलं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण तिनं भावकीत जे सांगितलं ते ऐकून माझा राग गेला. तिथं तिनं माझं नावही मध्ये आणलं नाही. "माह्या पोराच्या रक्तात खोट हाये," एवढंच ती म्हणाली. स्वतःच्या लग्नाच्या मुलाबद्दल चारचौघांत असं बोलणारी आई मी दुसरी पाहिली नाही.

मग श्रावणदादासाठी मुली पाहायला ती अकोल्याकडे गेली तेव्हा प्रत्येक घरी आधी हेच सांगायची, आणि मुलीचं रक्त पाहू द्या म्हणायची. एका घरातून तिला उठून जायला सांगितलं. दुसऱ्या घरी मुलीचा बाप हसला. तिसऱ्या घरी इंदू नावाच्या मुलीनं आतून बाहेर येऊन स्वतःच विचारलं, "मावशी, ह्याले सुई किती टोचते?" तिचं रक्त चांगलं निघालं. अडुसष्ट साली लग्न झालं. इंदूवहिनीची मुलगी वर्षाची होईपर्यंत आत्या रोज तिच्या हातापायांची बोटं दाबून पाहायची. ती कधीच सुजली नाहीत.

आसपासच्या गावांतल्या बायका हळूहळू आत्याकडे यायला लागल्या. माझा भाऊ कसा गेला असेल, माझी लेक कशानं गेली असेल, विचारायला. ती कुणालाही ठासून सांगायची नाही. "मी डाक्तर नाही, माय," म्हणायची, आणि त्यांना बोलतं करायची. ज्यांचं जुळायचं त्यांना अमरावतीला पाठवायची. ज्यांचं जुळायचं नाही त्यांना सांगायची, हे दुसरं काहीतरी होतं, आता कळायचा मार्ग नाही. तेही खरंच होतं.

मी शिकले, पुढे अकोल्याच्या एका शाळेत शिक्षिका झाले. दुखणं आजही येतं, विशेषतः थंडीत, पण मी अजून आहे. त्याबद्दल मी डॉक्टर मोहरीलांची ऋणी आहे, माझ्या रक्तदात्यांची आहे, आणि सगळ्यांत जास्त आत्याची. पण तिचे आभार मानायला माझ्याकडे आणखी एक कारण आहे. त्या चौकशीच्या आधी आमच्या घरात माझ्या भावंडांचा विषय कुणी काढत नव्हतं. आईला तर बोलायची सोयच नव्हती. नंतर मात्र ती बोलायला लागली. धान्य निवडताना, वेणी घालताना, काम करता करता मध्येच. म्हणून मला माहीत आहे की माझ्या मोठ्या भावाला झोपताना आईचा अंगठा हातात लागायचा, आणि बहीण आंबट बोरं खाऊन डोळे घट्ट मिटायची आणि लगेच पुन्हा हात पुढं करायची.